चाकावर मी, ब्रेकवर अस्लमभाई

लिफ्टमध्ये अडकलेला माणूस पहिल्यांदा देवाचा धावा करतो असं तुम्हाला वाटत असेल, तर तो गैरसमज काढून टाका. पहिल्यांदा तो सोसायटीच्या चेअरमनला शिव्या घालतो. मग लिफ्टवाल्याला. देवाचा नंबर त्यानंतर, आणि तोही बाहेरून कोणी ओ देत नसेल तरच. मिरा रोडमध्ये मी सगळ्या जातीधर्मांची माणसं लिफ्टमधून बाहेर काढलीयत, म्हणून हे छातीठोकपणे सांगतोय. या क्रमाला कुठल्याही धर्माचा अपवाद मला अजून भेटलेला नाही.

मी तावडे. गाव राजापूरकडचं, जन्म लालबागचा. धाकट्या भावाचं लग्न झालं आणि आमच्या खोलीत पाय पसरायला जागा उरली नाही, तेव्हा बायकोला घेऊन मिरा रोडला आलो. नवीन बिल्डिंगी उठत होत्या, त्यांना लिफ्टा लागत होत्या, आणि त्या लिफ्टा बंद पडत होत्या. माझं पोट त्या तिसऱ्या गोष्टीवर चाललं. आता गुडघे गेले, काम सोडलं. पण अजूनही कुठल्या बिल्डिंगमध्ये पाय ठेवला की आधी कान वर जातो. मोटर कण्हतेय का, दोर घासतोय का. बायको म्हणते, अहो, जेवायला आलोय आपण!

धंद्याची एक गोष्ट आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. लोकांना वाटतं ब्रेक सुटला की लिफ्ट धाडकन खाली कोसळणार. तसं नसतं. लिफ्टच्या दोराच्या दुसऱ्या टोकाला लोखंडाचं वजन टांगलेलं असतं. आत एखादंच माणूस असेल तर ते वजन भारी पडतं आणि ब्रेक उघडल्यावर लिफ्ट वर पळायला बघते. म्हणून लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली की गच्चीवरच्या मशीनरूममध्ये जायचं, मेन स्विच पाडायचा आणि हाताने चाक फिरवून लिफ्ट मजल्याला लावायची. याला दोन माणसं लागतात. एक चाकावर, दुसरा ब्रेकच्या दांडीवर. दांडी दाबली की ब्रेक उघडतो, हात काढला की चावतो. चाकवाला म्हणेल तेव्हाच दाबायचं, म्हणेल तेव्हाच काढायचं. जरा इकडेतिकडे झालं तर चाक हातातून सुटतं, चाकवाल्याचं मनगट जातं आणि आतल्या माणसाचं काय होईल ते सांगवत नाही.

माझ्या ब्रेकवर कायम अस्लमभाई. जौनपूरकडचा, राहायला नया नगर, माझ्याच वयाचा, माझ्यापेक्षा जास्त पान खाणारा. त्याला मराठी कळायचं पण जीभ वळायची नाही. माझ्या हिंदीला तो हसायचा. आमचा एक रिवाज होता. मी सांगायचं आणि हात हलवायच्या आधी त्याने ते मोठ्याने परत म्हणायचं. मी म्हणायचो, “उघड.” तो म्हणायचा, “खोला.” मी म्हणायचो, “बस.” तो म्हणायचा, “बस.” इतकं झाल्याशिवाय आमचं चाक इंचभर हलत नसे. इतर लिफ्टवाले टिंगल करायचे, काय भजनी मंडळ आहे का म्हणून. करू देत. आमच्या हातून एका माणसाला ओरखडा उठला नाही.

आता गिऱ्हाइकांबद्दल. लिफ्टवाला सगळ्यांच्या घरावरून जातो पण आत कुणाच्या बसत नाही, त्यामुळे त्याला बरंच दिसतं. बेव्हर्ली पार्ककडे एक चेअरमन होते. त्यांना लिफ्टमध्ये पाटी हवी होती, मासळीची पिशवी घेऊन चढू नये. मी म्हटलं, आणि बोंबील पोटात घेऊन चढला तर? ते हसले नाहीत. दुसऱ्या एका बिल्डिंगमध्ये ख्रिश्चन कुटुंबाने लिफ्टमध्ये मेरीमातेचं चित्र लावलेलं. ते एकाने ब्लेडने खरवडून काढलं. मला वाटलं असेल कोणी आपला किंवा अस्लमभाईचा. तर निघाला ख्रिश्चनच! कुठल्याशा नवीन प्रार्थनेच्या ग्रुपात जायला लागलेला. म्हणे मूर्ती आणि चित्रं पूजणं पाप आहे. चित्र लावणाऱ्या त्याच घरातल्या म्हातारीने तीस वर्षं त्याला नाताळचा केक खाऊ घातला होता.

पण खरी गंमत बोलक्या पेट्यांची. दार उघडं राहिलं की ‘कृपया दरवाजा बंद करें’ म्हणणारी पेटी नवीन आली तेव्हा सगळ्यांना हवी झाली. शांती नगरच्या एका सात मजली बिल्डिंगने सांगितलं, आमच्या पेटीत आधी आरतीची धून पाहिजे. गच्चीवरच्या मोठ्या टाकीमुळे आम्ही तिला टाकीवाली म्हणायचो. नया नगरातल्या अस्लमभाईच्या शेजारच्या बिल्डिंगने सांगितलं, आमच्यात आधी सलाम पाहिजे. पेट्या बनवणाऱ्याने खोके भरताना अदलाबदल केली. नया नगरची लिफ्ट आरती म्हणायला लागली आणि टाकीवाली येणाऱ्याजाणाऱ्याला ‘अस्सलाम आलैकुम’ करायला लागली.

काय राडा झाला म्हणून सांगू! नया नगरात कमिटीचा सेक्रेटरी इम्तियाज, चांगला शिकलेला पोरगा, लालबुंद होऊन म्हणाला, “ये गलती नहीं है, ये साज़िश है. हमारे बच्चों के कान में डाल रहे हैं.” तासाभराने टाकीवालीत गेलो तर तिथले चेअरमन पाटकरसाहेब, बँकेतून निवृत्त, तितकेच लालबुंद. “तावडे, ही चूक नाही. हे मुद्दाम केलंय. आमच्या मुलांच्या कानावर काय पडतंय?” मी आणि अस्लमभाईने एकमेकांकडे बघितलं आणि खाली मान घातली. हसू आवरेना.

दोन्हीकडे शहाणं माणूसही एकेक होतंच. नया नगरात सातव्या मजल्यावरचे हाजीसाहेब म्हणाले, “अरे, दरवाज़ा बंद करने को ही बोल रही है ना? कर लो.” आणि टाकीवालीत खुद्द पाटकरबाई, आमच्या चेअरमनसाहेबांच्या मंडळी, म्हणाल्या, “राहू दे रे ती पेटी. या बिल्डिंगमध्ये एवढ्या वर्षांत मला आपणहून रामराम करणारं पहिलंच कोणीतरी आलंय.” पेट्या बदलल्या, पण बाई पुढे कित्येक दिवस लिफ्टमधून बाहेर पडताना मला चिडवायच्या, “काय तावडे, माझा सलाम कुठे नेलात?”

त्या दिवसापासून मी कान देऊन ऐकायला लागलो. कडवा माणूस कुठल्याही धर्माचा असो, वाक्यं तीनच. आमच्यात असे नसतात. सुरुवात त्यांनी केली. आम्ही फक्त आमच्या बायकापोरांसाठी सावध राहतोय. मासळीवाल्या पाटीपासून ब्लेडवाल्यापर्यंत सगळ्यांनी हीच मला ऐकवली आणि प्रत्येकाला वाटत होतं आपण नवीन काहीतरी सांगतोय. मी म्हणत नाही सगळे सारखे. कोणी पाटी लावतो, कोणी डोकं फोडतो, त्यात फरक आहेच. पण पाटी लावणाऱ्याला आणि डोकं फोडणाऱ्याला चावी एकच बसते, एवढं मला लिफ्टवाला म्हणून कळतं.

मग ते वाईट दिवस आले. कुठल्याशा रॅलीवरून बाचाबाची झाली, गाड्या फुटल्या, दुकानांची शटरं पडली, नाक्यानाक्यावर पोलीस. मोबाइलवर तर काय वाट्टेल ते फिरत होतं. टाकीवालीत सर्व्हिसिंगची तारीख होती म्हणून मी गेलो, तर नोटीसबोर्डावर कागद. सोसायटीच्या सुरक्षिततेसाठी विशिष्ट समाजाच्या बाहेरच्या कामगारांना पुढील सूचनेपर्यंत प्रवेश नाही. खाली पाटकरसाहेबांची सही.

“साहेब, हे अस्लमभाईसाठी?”

“नाव कुठे लिहिलंय कोणाचं? आणि तुम्हाला कोणी अडवलंय का? तुम्ही आपले.”

“लिफ्ट दोघांची आहे साहेब. तो नाही तर मी पण नाही.”

“अहो तावडे, नुसतं तेलपाणी तर करायचंय!”

मी पिशवी उचलली आणि निघालो. छाती फुगवून निघालो, खोटं कशाला बोलू. पण गेटबाहेर आल्यावर छातीतली हवा गेली. अस्लमभाईला हे सांगायचं कोणत्या तोंडाने? वीस वर्षं ज्या बिल्डिंगमध्ये त्याने घाम गाळला तिथे त्याला दारात उभं करणार नाहीत, आणि असं करणारे माझेच लोक. मी गप्प बसलो.

गप्प बसलो ते एक वेळ ठीक. पण संध्याकाळी नाक्यावर चहा पिताना आमचं जुंपलं. कशावरून ते आठवतही नाही. मी म्हटलं, तुमच्या लोकांनी असं केलं. तो म्हणाला, “और तुम्हारे लोगों ने?” मग तराजूच निघाला. त्याने एक दंगल ठेवली, मी दुसरी ठेवली. त्याने एक गाव ठेवलं, मी दोन ठेवली. बोलता बोलता आम्ही मिरा रोड सोडून थेट परदेशात पोचलो, जिथली नावंही आम्हाला धड उच्चारता येत नव्हती. चहावाला बिचारा दोन्ही ग्लास उचलून आत गेला. शेवटी अस्लमभाई उठला. इतकी वर्षं तो मला तावडेभाय म्हणायचा. त्या संध्याकाळी म्हणाला, “ठीक है, तावडे.” आणि गेला.

त्यानंतर फोन नाही, भेट नाही. रात्री जेवताना बायकोने विचारलं, काय झालंय तुम्हाला? मी म्हटलं काही नाही. आणि ताट तसंच ठेवून उठलो.

आणि एका दुपारी पाटकरसाहेबांचा फोन. आवाज ओळखू येईना. “तावडे, ही लिफ्टमध्ये अडकलीय. तिचा दम्याचा पंप घरात राहिलाय. फक्त कोथिंबीर आणायला उतरली होती हो!” फायर ब्रिगेडला फोन केलेला, पण रस्ते अडवलेले, त्यांना यायला वेळ लागणार होता.

मी धावत सुटलो आणि धावता धावता अस्लमभाईला फोन लावला. उचलेल का, शंकाच होती. उचलला.

“टाकीवाली. पाटकरबाई आत आहेत.”

“आया,” एवढंच म्हणाला.

लिफ्ट तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये अडकलेली. दाराला तोंड लावून हाक मारली. आतून बाईंचा आवाज आला, पण शब्द तुटत होते. “तावडे... अंधार आहे रे... श्वास...” मी म्हटलं, “बाई, बोलू नका, खाली बसा, आलोच.” दाराचा कॉन्टॅक्ट, म्हणजे दार लागल्याचं मशीनला कळवणारा स्विच, खराब झाला असणार, लगेच ओळखलं. त्या दिवशी सर्व्हिसिंग केलं असतं तर तो साफ झाला असता. हा विचार जिन्यावर प्रत्येक पायरीला माझ्यासोबत चढला.

मशीनरूममध्ये मेन पाडला, चाक बसवलं. पाटकरसाहेब मागून धापा टाकत आले. तेवढ्यात माझा फोन वाजला. अस्लमभाई. “गेट पे रोका है. लड़के बैठे हैं. नाम पूछा, बताया, अब बोलते हैं चेअरमन का कागज़ है.”

मी पाटकरांकडे वळलो. “साहेब, खाली सांगा, सोडा त्याला.”

“अहो, आमची पोरं आहेत ना खाली. त्यांतलं कोणीतरी बोलावतो. तुम्ही सांगाल तसं करतील.”

माझं डोकं सटकलं. “पोरं कशाला? तुमची बायको आत आहे, तुम्हीच धरा की दांडी!”

त्यांनी धरली. मी सांगितलं, उघड म्हटलं की हळू दाबा, बस म्हटलं की हात काढा. बँकेत उभी हयात काढलेला माणूस तो, असली दांडी कधी धरलेली नाही. “उघड,” म्हटलं, आणि त्यांनी सगळं अंग दांडीवर टाकलं. चाक माझ्या हातात उसळलं. मी ओरडलो, “बस! बस!” त्यांना कळायला क्षणभर गेला. खालून लिफ्टच्या बोगद्यातून बाईंची किंकाळी आली. ब्रेक चावला तोपर्यंत लिफ्ट हातभर वर उडी मारून थांबली होती.

पाटकरांनी आपल्या हातांकडे बघितलं. मग स्वतःच खिशातून फोन काढला. “अरे, त्याला वर सोडा. कागद गेला खड्ड्यात! पळवत आणा त्याला, पळवत!”

अस्लमभाई सात मजले चढून आला. श्वास भात्यासारखा. पाटकरांकडे बघितलंही नाही. दांडीवर हात ठेवला आणि म्हणाला, “बोल, तावडे.”

“उघड.”

“खोला.”

“बस.”

“बस.”

माझं चाक त्याच्या हाताच्या तालावर फिरायला लागलं. मधले दिवस जणू नव्हतेच. त्याला माझ्या मनगटाचं वजन माहीत, मला त्याच्या हाताचं. माझी नजर दोरावरच्या रंगाच्या खुणेवर. ती खूण जुळली की लिफ्ट मजल्याला लागली. उघड, खोला, बस, बस. खूण जुळली. शेवटचं “बस” ऐकलं आणि चावी घेऊन मी जिन्याने चौथ्या मजल्यावर धावलो.

दार उघडलं. बाई कोपऱ्यात बसलेल्या, मांडीवर कोथिंबीर. ओठ निळसर पडलेले. पाटकरसाहेब पंप घेऊन गुडघ्यावर बसले, त्यांचंच रडू आवरत नव्हतं. दोनतीनदा पंप मारल्यावर बाईंचा श्वास हळूहळू जागेवर आला. माझाही.

बोलता यायला लागल्यावर बाईंनी पहिलं काय विचारलं असेल? “कुठाय तो?”

“कोण हो?” पाटकर म्हणाले.

“तो खोला म्हणणारा. पहिल्यांदा लिफ्ट उडाली ना, मला वाटलं संपलं. मग वरून आवाज आला. एक म्हणे उघड, दुसरा म्हणे खोला. मग दोघं मिळून बस. मनात म्हटलं, आलीयत माझी माणसं, आता काही होत नाही.”

अस्लमभाई जिन्याच्या वळणावर उभा होता. खाली यायचं की नाही अशा बेतात. बाईंनी हाताने बोलावलं. “ये रे बाबा. दमलास. अहो, पाणी आणा आधी त्याला.” आणि चेअरमनसाहेब गेले. तांब्या-पेला घेऊन स्वतः आले. तोंडाने सॉरी म्हणाले नाहीत. तेवढी उडी त्यांना जमली नाही. पण पेला देताना मान खाली होती आणि अस्लमभाईने तो दोन्ही हातांनी घेतला.

आम्ही जिन्यावर बसलो. अस्लमभाई म्हणाला, “वॉचमन बोला मेरे को. तू मेरे वास्ते काम छोड़ के गया था. बताया क्यों नहीं?”

“लाज वाटली रे. माझेच लोक.”

तो हसायला लागला. पानाने रंगलेले सगळे दात दिसेपर्यंत हसला. मला राग आला. “हसतोस काय?”

“मेरे को भी.”

“तुला कशाची लाज?”

“इम्तियाज ने भी निकाला है कागज़. तेरे वास्ते. सिक्योरिटी के लिए बाहर का आदमी नहीं चलेगा. मैंने भी बोल दिया, दोनों आएँगे नहीं तो कोई नहीं.”

“कधी?”

“उसी दिन सुबह. चाय के पहले.”

म्हणजे त्या संध्याकाळी चहाच्या टपरीवर आम्ही दोघं आपापल्या लोकांची वकिली करत होतो, घसा कोरडा पडेपर्यंत. आणि दोघांच्याही पोटात लाज होती ती आपापल्याच लोकांची. तो माझ्यासाठी भांडून आला होता, मी त्याच्यासाठी, आणि मग आम्ही एकमेकांशी भांडलो. असा मूर्खपणा फक्त मित्रच करू जाणे.

“म्हणजे तिकडच्या लिफ्टचं पण सर्व्हिसिंग राहिलंय?” मी विचारलं.

“हाँ.”

“हाजीसाहेब सातव्यावर राहतात ना रे?”

“चल,” तो उठत म्हणाला.

नया नगरच्या गेटवरही प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकून पोरं बसलेली. हातात तसेच मोबाइल, चेहऱ्यावर तसाच ताण. टाकीवालीची पोरं उचलून इथे ठेवली असती तरी वॉचमनला फरक कळला नसता. एकजण माझ्याकडे बोट करून म्हणाला, “चचा, इनका नाम?”

“लिफ्टवाले,” अस्लमभाई म्हणाला.

“नाम पूछा मैंने.”

“सुना मैंने. लिफ्टवाले, दो. जाएँगे तो दोनों जाएँगे.”

पोरगं इम्तियाजला फोन लावायला लागलं. तेवढ्यात वरच्या खिडकीतून हाजीसाहेबांनी डोकं बाहेर काढलं. “अरे, तावडे आया क्या? आने दो उसको! दो दिन से लिफ्ट झटके मार रही है. मेरे घुटनों से पूछो सिक्योरिटी!” पोरं हसली. इम्तियाज खाली आला, आमच्याकडे बघितलं आणि बाजूला झाला. जाता जाता मी त्याला म्हटलं, “घाबरू नको रे, यावेळी आरती नाही लावत.” तोंड फिरवून तोही हसला, मी बघितलं.

दोन्ही नोटिसा कोणी रीतसर मागे घेतल्या नाहीत. टाकीवालीतल्या कागदावर पुढे पाणीकपातीचा कागद लागला, नया नगरातल्यावर वार्षिक सभेचा. पण त्यानंतर आम्ही काम सोडेपर्यंत त्या दोन्ही गेटांवर आम्हाला कोणी नाव विचारलं नाही. लोक म्हणतात तावडे, तू आयुष्यात काय कमावलंस? मी म्हणतो, हे.

त्या दिवशी नया नगरच्या गच्चीवर पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. मशीनरूमचं दार उघडलं. मी चाकाशी जाऊन उभा राहिलो. अस्लमभाईने पान थुंकलं, हात पँटला पुसले, दांडीवर ठेवले आणि माझ्याकडे बघून म्हणाला, “बोल, तावडेभाय.”